शिकलगार साहेब आणि चौदावा रकाना

"तू कशाला भितीस?"

सांगलीच्या विमा ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. विचारणारे गृहस्थ टेबलापाशी उभे राहून ऑफिसची कात्री एका काळ्या दगडावर घासत होते. मी आटपाडीहून एसटीने आलेली, हातात नेमणुकीचं पत्र. मी म्हटलं, "कशालाच नाही."

त्यांनी कात्रीची धार अंगठ्यावर बघितली. "मग तुझं अवघड हाय. जो भीत न्हाई त्याला तपासणीत काय दिसत न्हाई."

हे इसाक शिकलगार. मूळचे वाईचे, आमच्या ऑफिसचे जोखीम तपासनीस. साखर कारखाना असो, हळदीचं गोदाम असो की शाळा असो, त्याचा विमा उतरवण्याआधी तिथे जाऊन काय काय बिघडू शकतं ते बघायचं आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. अधूनमधून वाटायचं, आता हा माणूस आपल्याला कळला. मग असं काहीतरी व्हायचं की वाटायचं, नाही, अजून नाही. आजही त्यांचं सगळं मला उमगलंय असं मी म्हणणार नाही.

बुटके, अंगाने सुके, बारीक कातरलेली पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात टोकदार केलेल्या दोन शिसपेन्सिली. वडिलांचं वाईत कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान होतं. वडील गेल्यावर दुकान बंद झालं, पण दगड साहेबांच्या टेबलाच्या खणात आला. बोथट कात्री त्यांना बघवायची नाही. ऑफिसातल्या बायका पिशवीत घालून घरच्या विळ्या आणायच्या आणि साहेब जेवणाच्या सुट्टीत त्या घासून द्यायचे. "आमच्या आडनावातच हत्यार हाय," ते म्हणायचे, "पण आयुष्यभर दुसऱ्याच्याच हत्याराला धार लावली. सवताचं एक न्हाई."

माणसांना ते गावाच्या नावाने हाक मारायचे. मी 'आटपाडी', शिपाई 'बुधगाव'. पुण्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'पुणे'. मी एकदा म्हटलं, मला नाव आहे, सुनंदा. तर म्हणाले, "नाव आईबाप ठेवतात. माणूस कुठला हाय ते कळलं की पाणी कुठलं प्यालाय, ऊन किती खाल्लंय, भ्या कशाचं हाय, समदं कळतं."

भीतीचा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर हळदीच्या गोदामात गेले तेव्हा मालकाने कागदपत्रं काढून ठेवली होती. साहेबांनी ती बघितलीच नाहीत. दारावर बसलेल्या वॉचमनच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले आणि विचारलं, "कशाला भितोस रं?"

वॉचमन लाजला. "पालीला, साहेब."

"कुठं असती पाल?"

पाल विजेच्या बोर्डात असायची. बोर्डाचं झाकण कित्येक महिन्यांपूर्वी निखळलं होतं, आत तारा उघड्या पडल्या होत्या आणि खाली सुतळीच्या पोत्यांची थप्पी. मालकाला पत्ता नव्हता. परत येताना साहेब रिक्षात म्हणाले, "भ्या खरं असतं. त्याचं कारन खोटं असंल, पन ते बोट कुठंतरी दाखवतंच." मला ते वाक्य फार आवडलं. पुढे याच वाक्याने आम्हा दोघांना गोंधळात टाकलं.

मी तिथे दोन वर्षं काढली असतील तेव्हा मुख्य कार्यालयातून एक तक्ता आला. दहशतवादी हल्ल्याची जोखीम मोजायचा तक्ता. वीस रकाने. प्रत्येक मोठ्या इमारतीसाठी एकेका रकान्यात एक ते पाच गुण द्यायचे. मग संगणक तीन गोष्टींचा गुणाकार करणार: हल्ला होण्याची शक्यता किती, झाला तर इमारत किती टिकेल, आणि नाही टिकली तर नुकसान केवढं. शेवटी एक चौकोन उमटायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. याला सगळे 'मॉडेल' म्हणायचे.

मॉडेल शिकवायला पुण्याच्या सबनीस मॅडम संगणकाच्या पडद्यावर आल्या. तरुण, गणित शिकलेल्या, शांत बोलणाऱ्या. तासभर त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी शंका विचारा म्हणाल्या, तर साहेबांनी हात वर केला.

"मॅडम, दहशतवाद म्हणजे काय, ते कुठे लिहिलंय?"

"दुसऱ्या पानावर आहे बघा."

साहेबांनी दुसरं पान काढून शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं. राजकीय, धार्मिक किंवा वैचारिक हेतूने, लोकांत दहशत पसरवण्यासाठी, व्यक्तीने किंवा गटाने केलेली हिंसक कृती. मग चष्मा वर सरकवला.

"यातला हेतू कोण ठरवणार?"

"तपास करणारे."

"ते झालं घडून गेल्यावर. आम्ही घडायच्या आधी गुण द्यायचे. जे घडलंच नाही त्याचा हेतू कुठून बघायचा?"

मॅडम हसल्या. "चांगला प्रश्न आहे. म्हणूनच तर मॉडेल."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'म्हणूनच तर मॉडेल', आणि त्याखाली रेघ मारली. हे उत्तर झालं की नाही ते मला कळलं नाही. साहेबांना कळलं होतं का, तेही कळलं नाही.

त्या दिवशी चहा पिताना ते मला म्हणाले, "आगीचं सोपं हाय, आटपाडी. आग कुणाचं नाव इचारून येत न्हाई. कोयनेचा भूकंप कुणावर रागावल्याला नसतो. पुराचं पाणी पुलाखालची पातळी बघून येतं. आनी ह्यो? ह्यो पातळी बघणाऱ्याला बघून येतो. त्येला तक्त्यात कसं बसवायचं?"

तरी त्यांनी तक्ता झिडकारला नाही. उलट ते त्याच्या मागे लागले. एक पातळ वही केली आणि भेटेल त्याला विचारायला लागले, दहशतवाद म्हणजे काय. प्रत्येक उत्तराला नंबर. चहावाल्याचं उत्तर, मराठीच्या एका निवृत्त मास्तरांचं उत्तर, एसटीच्या कंडक्टरचं उत्तर. मलाही विचारलं. मी विचार करून सांगितलं, "उन्हाळ्यात टँकर येणार की नाही हे ज्याच्या हातात असतं, तो हसत हसत 'बघू' म्हणतो ना, ते."

त्यांनी ते लिहून घेतलं. थोड्या वेळाने पेन्सिलीने खोडलं. मग परत लिहिलं. "व्याख्या लय मोठी केली की आख्खा तालुका आत येतो," ते म्हणाले, "आनी लय बारीक केली की मेल्याला माणूस बी बाहेर ऱ्हातो."

साखर कारखान्यावर आम्ही गेलो तो दिवस मी विसरणार नाही. तिथले सुरक्षा अधिकारी सुभेदार निकम, फौजेतून निवृत्त, सातारा जिल्ह्यातलेच. ताठ माणूस. नव्या तक्त्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, म्हणून मुख्य फाटकावर त्यांनी चार गार्ड उभे केले होते. साहेबांनी फाटकाला चांगले गुण दिले. निकमांच्या मिशा फुलल्या.

"पण मी आता मागनं, मळीच्या टाकीकडनं येनार," साहेब म्हणाले.

"कोन, तुमी?"

"मी म्हंजे त्यो. दहशतवादी."

निकमांनी लगेच दोन गार्ड टाकीकडे पळवले. साहेबांनी टाकीचे गुण सुधारले. "आता फाटकावर दोघंच ऱ्हायली. मी फाटकावरनं येतो."

असं तासभर चाललं. उन्हात ते चार गार्ड कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकाला जात होते, काम टाकून कामगार बघत उभे होते, आणि साहेब पेन्सिलीने खोडून खोडून तक्ता भरत होते. शेवटी निकमांनी कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, तुमी एकदा ठरवा, कुठनं येनार."

"त्येच तर. मी ठरवतच न्हाई. तुमी कुठं हाय ते बघून मी येतो."

सगळे हसले. निकम हसले नाहीत. नंतर त्यांच्या केबिनमध्ये चहा घेताना साहेबांनी वही काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. निकमांनी चहा बशीत ओतला.

"आमाला काश्मिरात व्याख्या नव्हती, साहेब. समोरनं गोळी आली की त्यो." मग म्हणाले, "एका गावात आमी झडतीला जायचो. दार वाजवलं की एक म्हातारी उघडायची. कडी हातातनं सोडायची न्हाई. चार-पाच डाव गेलो असंल. ती कुनाला भीत व्हती, त्यास्नी का आमाला, ते मी कवा इचारलं न्हाई. तुमच्यावानी इचारायला पायजे व्हतं."

साहेबांनी हे उत्तर लिहिलं नाही. वही मिटून खिशात टाकली.

आणि मग वाई आलं.

वाईत नदीच्या घाटाजवळ एक मंगल कार्यालय होतं, पिसाळ अण्णांचं. आमच्याकडेच विमा. साहेबांच्या मुलीचा निकाह याच कार्यालयात झाला होता आणि पिसाळ स्वतः वाढायला उभे होते, असं साहेब अभिमानाने सांगायचे. आम्ही सकाळभर मोजमापं घेतली. दारं रुंद, बाहेर पडायला दोन जिने, गॅसच्या टाक्या वेगळ्या खोलीत. साहेबांनी चांगले गुण दिले. मी टॅबलेटवर एकेक रकाना भरत होते. तेरा भरले आणि चौदावा आपोआप भरला गेला. त्यात पाच आले, म्हणजे सगळ्यात वाईट. उरलेले सहा भरले, तरी खाली चौकोन उमटला तो लाल.

चौदाव्या रकान्याचं नाव होतं, 'अर्ध्या किलोमीटरच्या आतील संवेदनशील वस्ती'.

साहेब म्हणाले, "काढून परत भर." मी भरलं. परत पाच. त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडायचा आणि वस्तीभोवती एक वर्तुळ दिसायचं. साहेबांनी चष्मा काढून टॅबलेट डोळ्यांजवळ नेला. ती त्यांची आळी होती. वर्तुळाच्या मधोमध मशीद, आणि मशिदीपासून चार घरं सोडून त्यांचं घर.

ते हसले. "म्हंजे मी रविवारी घरी आलो की घाटाची जोखीम वाढती, आनी सोमवारी सांगलीला गेलो की कमी होती. मला इथं येऊच देऊ नका."

जेवायला आम्ही त्यांच्याच घरी गेलो. रझियाभाभींनी वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. साहेबांनी ती लाल खूण त्यांना दाखवली, गंमत सांगावी तशी. भाभींनी नीट बघितलं. "म्हंजे आपन?" एवढंच विचारलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी मान खाली घालून जेवत राहिले.

आठवड्याने पिसाळ अण्णांचा फोन आला. साहेबांनी सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला. पिसाळांचा आवाज पडलेला होता.

"इसाकभाई, कंपनीचं पत्र आलंय. लाल म्हणून. दारावर यंत्र बसवा, गार्ड ठेवा, काय काय लिहिलंय. ते बघतो मी. पण एक विचारू का? राग मानू नका. तुमच्या आळीतली लग्नं आता घ्यायची, का थांबवायची?"

साहेबांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "न्हाई, मी कसा राग मानंन."

त्या दिवसापासून ते त्या रकान्याच्या मुळाशी जायला लागले. हे पाच कुणी दिले? सबनीस मॅडमना पत्र लिहिलं. त्यांनी टाळलं नाही, उलट स्वतः शोधून कळवलं: रकाना दंगलप्रवण भागांच्या जुन्या यादीवरून भरला जातो. ती यादी कुणी केली? विभागीय कार्यालयाने. विभागीय कार्यालयाने कशावरून? जिल्ह्याच्या ऑफिसांतल्या जुन्या अहवालांवरून. सातारा-सांगलीचे अहवाल कुठून आले? यावर मॅडमनी उत्तर दिलं, 'आपल्याच कार्यालयातून.'

आमच्या ऑफिसातल्या जुन्या फायली माळ्यावर होत्या. बुधगावने शिडी लावली, मी धरली आणि साहेब वर चढले. कुणालाही चढू दिलं नाही. वरून धूळ आणि झुरळं पडत होती. एका फायलीनंतर दुसरी. मग पानं उलटायचा आवाज थांबला.

"साहेब?"

ते हळूहळू खाली आले. हातातली फाईल माझ्यापुढे धरली. तीसेक वर्षांपूर्वीचा अहवाल, पिवळा पडलेला. वाईची तीच आळी. तिच्यापुढे शेरा: 'वस्ती संवेदनशील. विमा उतरवताना सावधगिरी बाळगावी.' टोकदार पेन्सिलीने लिहिलेलं तिरपं अक्षर. खाली सही, इ. शिकलगार.

साहेब शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. डोक्यावर जळमटं लागली होती. "अक्षर चांगलं व्हतं तवा," ते म्हणाले.

पुढच्या काही दिवसांत मी त्यांना तीनदा विचारलं की तुम्ही तसं का लिहिलं होतं. पहिल्यांदा ते म्हणाले, "त्या वर्षी शेजारच्या एका गावात दगडफेक झाली व्हती. सगळ्यांनी आपापल्या भागाच्या याद्या द्यायच्या असा हुकूम आला. दुसऱ्यांच्या आळ्या लिहायच्या आनी आपली वगळायची, ही बेइमानी झाली असती." मला ते पटलं.

दोन दिवसांनी ते आपणहून म्हणाले, "परवा मी सांगितलं ते अर्धं हाय. मी नवा व्हतो. ऑफिसात मी एकटाच आमच्यातला. आमची आळी वगळली असती तर कुनी तोंडावर बोललं नसतं, पन बोललं असतं. ते बोलायच्या आधी मी लिवून टाकलं." मला तेही पटलं, आणि पहिलं पटलेलं डगमगलं.

तिसऱ्या वेळी आम्ही मिरजेहून परत येत होतो. ते खिडकीबाहेर बघत बोलले. "खरं सांगू? त्या वर्षी मला आमच्या आळीचं खरंच भ्या वाटलं व्हतं. चौकात पोरं उभी ऱ्हायची, वेडंवाकडं बोलायची." मग दोन बोटं वर केली. "दोन पोरं व्हती. दोनच."

"मग यातलं खरं कुठलं? तुम्हीच म्हणता, भ्या खरं असतं."

"त्येच मी बी बघतोय."

मला त्या वेळी काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले, "साहेब, तुम्ही तर माणूस गावावरूनच ओळखता. मला आटपाडी म्हणता. ते आणि हे वर्तुळ, यात फरक काय?"

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलापाशी येऊन म्हणाले, "सुनंदा, ती फाईल दे." आम्ही दोघंही चपापलो. त्यांच्या तोंडून माझं नाव परक्या माणसाचं वाटत होतं. शिपायाला त्यांनी 'महादेव' म्हणून हाक मारली तर तो वळून बघेचना. दोन दिवस असे अवघडलेले गेले. तिसऱ्या दिवशी मी आटपाडी झाले आणि मला बरं वाटलं. बरं का वाटलं, ते मला अजून सांगता येत नाही.

साहेबांनी पुण्याला बैठकीत बोलायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मला फायली सांभाळायला नेलं. लांब टेबल, दहाबारा अधिकारी, एका बाजूला सबनीस मॅडम. साहेबांनी ती पिवळी फाईल टेबलावर ठेवली आणि सरळ सांगितलं, "ही नोंद माझी आहे. ती मी मागे घेतो."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, नोंद तुमची होती. आता ती माहिती झाली. जुनी माहिती काढता येत नाही, नवी तेवढी घालता येते."

"खोटी असली तरी?"

"खोटी होती का?"

साहेबांनी फायलीवर हात ठेवला. त्यांची तीन उत्तरं मला माहीत होती. यातलं कुठलं देणार, मी वाट बघत राहिले. त्यांनी एकही दिलं नाही.

टेबलाच्या टोकाला बसलेले एक वयस्कर अधिकारी पुढे झुकले. "शिकलगार, तुमची ती वही पुण्यापर्यंत पोचलीय बरं का. मग तुम्हीच सांगा. दहशतवाद म्हणजे काय?"

प्रश्न खेळीमेळीने विचारला होता. पण टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी कागदांतून मान वर केली. एवढ्या माणसांत हा प्रश्न त्यांनाच का विचारला गेला, हे सगळ्यांना समजलं होतं आणि विचारणाऱ्याला बहुधा समजलं नव्हतं.

साहेब उभे राहिले. खिशातली वही बाहेर काढली, उघडली, दोन पानं उलटली आणि मिटली.

"मला माहीत न्हाई, साहेब," ते म्हणाले. सभेत ते कधी असं गावचं बोलत नसत. "लय जनांना इचारलं. एकाचं दुसऱ्याला लागू होत न्हाई. एवढं सांगतो, हा रकाना बघितला त्या दिवशी घरी जाताना मी आमच्या आळीतल्या एकेका दाराकडं बघत गेलो, ह्यातनं कोन निघंल म्हणून. तीस वर्षं त्याच वाटंनं जातोय, असं कवा बघितलं नव्हतं. मला ज्यानं असं बघायला लावलं, त्येला तुमच्या व्याख्येत काय म्हणायचं, ते तुमी ठरवा."

कुणीतरी खाकरलं. सबनीस मॅडम मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. परतीच्या एसटीत मी विचारलं, "जमलं का, साहेब?" ते म्हणाले, "मी काय बोललो ते तुला कळलं का? मला नीट आठवत न्हाई."

दीड-दोन महिन्यांनी तक्त्याची नवी आवृत्ती आली. चौदाव्या रकान्याचं नाव बदललं होतं, 'आसपासच्या वस्तीची घनता'. जुनी यादी वगळली होती. हे सबनीस मॅडमनी केलं, असं नंतर कळलं. साहेबांनी सगळ्यात आधी वाईचं मंगल कार्यालय भरून बघितलं. आळी दाट वस्तीची, म्हणून पाचाचे चार झाले. लालाचा पिवळा झाला. ऑफिसात कुणीतरी पेढे आणायची भाषा केली. साहेबांनी हात वर करून थांबवलं आणि मला सांगलीतलं ते हळदीचं गोदाम भरायला लावलं. त्याच्याभोवती बाजारपेठ, माणसाला माणूस चिकटलेला. तिथे आता लाल चौकोन आला.

"आधी आमी व्हतो," ते म्हणाले, "आता समदीच हाय." हे त्यांनी समाधानाने म्हटलं की कसं, मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

पिसाळ अण्णांनी आळीतल्या लग्नांना परत कार्यालय द्यायचं ठरवलं. स्वतः जाऊन सांगूनही आले. पण बराच काळ तिकडून कुणी मागायला गेलं नाही. पिसाळांना आणि साहेबांना, दोघांनाही वाईट वाटत होतं, आणि दोघंही एकमेकांना तसं म्हणाले नाहीत, असं भाभींनी मला फोनवर सांगितलं.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाषण केलं नाही. सगळ्यांच्या कात्र्या गोळा करून एकदा धार लावून दिली आणि दुपारच्या गाडीने वाईला गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. साताऱ्याला ऑफिसच्या कामासाठी गेले होते. परत निघताना एसटी स्टँडवर ते दिसले. दाढी वाढली होती, हातात औषधांची पिशवी. डोळ्यांच्या दवाखान्यात आले होते. आम्ही फलाटावरच्या बाकाजवळ उभं राहून बोलत होतो, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ही बॅग कुणाची?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक निळी रेक्झिनची बॅग होती. शेजारी कुणी नव्हतं. परत आवाज आला, "कुणाची हाय?" माणसं एकेक पाऊल मागे सरकायला लागली. एक बाई पोराला ओढत लांब गेली. कंट्रोलरच्या खिडकीकडे कुणीतरी पळालं. साहेबांनी माझा दंड धरला आणि मला मागे नेलं, भराभर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे.

गर्दीतला एक माणूस त्यांच्याकडे बघत होता. आधी दाढीकडे, मग पिशवीकडे. "चाचा, बॅग तुमची न्हवं?" त्याने विचारलं. आवाजात उद्धटपणा नव्हता. तोही घाबरलेला होता.

"न्हाई," साहेब म्हणाले. "माझी न्हाई."

पाचेक मिनिटं गेली असतील. मग नळाकडून एक नऊवारीतली म्हातारी ओल्या हातांनी बाटली पुसत आली आणि सगळ्यांच्या देखत बाकावर जाऊन बॅगेशेजारी बसली. एवढी माणसं आपल्याकडे का बघतायत, हे तिला कळेना. तिने पदर सारखा केला. लोक हसले, सुटल्यासारखे पांगले. तो मघाचा माणूसही हसत निघून गेला.

साहेब हसले नाहीत. टाकीला टेकून उभे राहिले. "मी बी पळालो. बघितलंस न्हवं?"

"सगळेच पळाले, साहेब."

"समद्यांचं सोड. त्या बॅगंकडं बघताना माझ्या डोळ्यांपुढं एक तोंड आलं. बॅग ठेवून गेल्याल्या माणसाचं. कुनाचं तोंड आलं, ते तू इचारू नको." मग म्हणाले, "मी बी सांगत न्हाई."

वाईची गाडी लागली. म्हातारीलाही तिकडेच जायचं होतं. गाडी भरली होती, वरच्या फळीवर जागा नव्हती आणि ती बॅग उचलून दारात घुटमळत होती. साहेबांनी चढता चढता तिच्या हातातली बॅग घेतली. आत गेल्यावर तिला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. गाडी वळून निघताना मला ते दिसले. निळी बॅग मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर ठेवलेले, जरा अवघडलेले. म्हातारी त्यांना काहीतरी सांगत होती आणि ते मान हलवत होते.